रुजणे, रोवणे आणि ठाण मांडणे

इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्याने मागील वर्षी नववीच्या वर्गावर माझा तास लागला. विषय समानार्थी शब्दांचा. मुलांच्या गाईडमध्ये ‘पक्के बसणे, दृढ होणे’ या अर्थाची इंग्रजी क्रियापदे एका रांगेत दिली होती: टेक रूट, सेटल, एस्टॅब्लिश, एन्ट्रेंच, इन्ग्रेन. त्या सर्वांपुढे मराठीत एकच शब्द होता, ‘रुजणे’. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. इंग्रजीवर माझा अधिकार नाही. तरीही ती रांग पाहून मी अस्वस्थ झालो. कारण आदल्याच आठवड्यात याच वर्गाच्या इतिहासाच्या वहीत एक वाक्य मी तपासले होते: ‘भारतात जातिव्यवस्था हळूहळू रुजली.’ आणि त्यावर बरोबरची खूणही केली होती.

रुजते ते बी. ओल मिळाली, ऊब मिळाली की ते रुजते; त्यात कोणाचा गुन्हा नसतो. जातीला हे क्रियापद लावले की ती पावसापाण्यासारखी निसर्गाची करणी ठरते आणि करणारा वाक्यातून अलगद निसटतो. ‘एन्ट्रेंच’चे तसे नाही. त्याच्या पोटात ‘ट्रेंच’ म्हणजे खंदक आहे. खंदक आपोआप होत नाही. तो खणणारा असतो, त्याच्या आड बसून राखण करणारा असतो आणि पलीकडे अडवला गेलेलाही असतो. ‘इन्ग्रेन’ची कथा आणखी निराळी. पूर्वी युरोपात एका किड्यापासून पक्का किरमिजी रंग काढत. वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसत म्हणून त्यांना ‘ग्रेन’ म्हणत. त्या रंगातला धागा कितीही धुतला तरी रंग सोडत नसे. आपल्याकडे यालाच ‘हाडीमाशी खिळणे’ म्हणतात. तीन शब्द, तीन निदाने. आणि निदान चुकले की औषध चुकते.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी जातीला बंदिस्त वर्ग म्हटले. काहींनी आपले दार आतून लावून घेतले आणि उरलेल्यांना ते आपल्यासाठी बंद असल्याचे आढळले, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. जात मनूने निर्माण केली हे त्यांना मान्य नव्हते. ती त्याच्या आधीपासून होती, त्याने तिला संहितेचे रूप दिले. म्हणजे एकच एक कर्ता दाखवून मोकळे होण्याची सोयही त्यांनी आपल्याला ठेवली नाही. कोणी दार लावले, कोणी अनुकरण केले, कोणी नियम लिहून ठेवले, हे वेगवेगळे विचारावे लागते. पुढे १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी बजावले की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी कुंपण नाही, ती मनाची अवस्था आहे. तेव्हा माझ्या आवडत्या ‘खंदका’लाही मर्यादा आहे. शासनाच्या आदेशाने खंदक बुजवता येतो. धाग्यात उतरलेला रंग आदेशाने जात नाही.

उलट, चांगली गोष्टही रोवावीच लागते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले की संविधानिक नीती ही उपजत भावना नव्हे, तिची मशागत करावी लागते. या देशातील लोकशाही हा मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे. जो माणूस असे बोलतो तो ‘रुजेल आपोआप’ या भरवशावर नव्हता. म्हणून तर घटनेतील काही तरतुदी बदलण्यासाठी संसदेतील विशेष बहुमताबरोबरच निम्म्या राज्यांची संमती लागते. इंग्रजी कायद्याच्या भाषेत अशा तरतुदींना ‘एन्ट्रेंच्ड’च म्हणतात. खंदक तोच, पण या वेळी आत कोण आहे ते पाहावे.

शब्दांचा हा भेद मी पुस्तकात शिकलो नाही, मुलुंडला शिकलो. १९७२च्या दुष्काळात माझे वडील मराठवाड्यातून इथे आले. डोंगराच्या उतारावर पत्र्याची खोली उभी केली, कारखान्यात हमाली केली. १९७६ साली शासनाने झोपड्यांची गणना केली तेव्हा आम्हाला फोटोपास मिळाला आणि आई गावाकडच्या पत्रात लिहवून घेऊ लागली की ‘आमचं बस्तान बसलं’. त्याच काळात रेल्वेच्या अलीकडे-पलीकडे इमारतींतून घरे घेणारी कुटुंबे मुलुंडला ‘स्थायिक’ झाली. पुढे आमच्या वस्तीला एक नोटीस आली. कोणत्या कार्यालयाची, ते इथे महत्त्वाचे नाही. तीत लिहिले होते की सदर इसमांनी अतिक्रमण करून ‘ठाण मांडले आहे’. मी तेव्हा सातवीत होतो. वडिलांना ती मीच वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “ठाण कोण मांडतं रे?” मी म्हणालो, “शत्रू.” स्थायिक होणे, बस्तान बसणे, ठाण मांडणे: गाईडवाल्यांच्या लेखी हे समानार्थी आहेत. पुढे शासनाने संरक्षणासाठी १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० अशा तारखा ठरवल्या. माणसाचे बसणे कोणत्या दिवसापर्यंत वास्तव्य आणि कोणत्या दिवसापासून अतिक्रमण, हे कॅलेंडर सांगू लागले.

इतरांची क्रियापदे तपासणाऱ्याने आपलीही तपासावीत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ‘धम्म रुजला’ हे वाक्य आपल्या प्रत्येक स्मरणिकेत असते. मीही ते अनेकदा लिहिले आहे. परंतु मुलामुलींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्यातलेच सुशिक्षित लोक आवाज खाली आणून पोटजात विचारतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्या घरात ती विचारली गेली आणि मी, इतिहासाचा एम.ए., गप्प बसलो. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर होत्या. इथे ‘रुजला’ हे क्रियापद खोटे नसेल, पण अपुरे आहे; आणि जातीसाठी इथे ‘एन्ट्रेंच’ पुरत नाही, ‘इन्ग्रेन’च घ्यावे लागते.

शाळेच्या व्यवस्थापनाकडे माझे मागणे लहान आहे. आपल्याकडे राहून शिकणारी बहुतेक मुले घरात पहिल्यांदाच इंग्रजी शिकत आहेत. त्यांच्या हाती समानार्थी शब्दांची रांग देऊन त्यांना फसवू नये. येत्या जूनपासून आठवी-नववीला आठवड्यातून एक तास इंग्रजी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. क्रियापद फळ्यावर लिहावे, मुलांनी त्याचे वाक्य करावे आणि कर्ता कोण ते अधोरेखित करावे. पहिल्या तासाला मी येईन. त्या वहीतली माझी बरोबरची खूण खोडायची अजून राहिली आहे.