आपण शाई खातो का? गोष्ट हिराकसाची

बालदोस्तांनो, टिटवाळ्याच्या एका सातवीतल्या मैत्रिणीनं झकास प्रश्न पाठवलाय. ती लिहिते, "दर सोमवारी शाळेत आम्हाला लोहाची निळी गोळी देतात. बाईंची पाठ वळली की बऱ्याच मुली ती खिडकीबाहेर टाकतात. कारण गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. आजी म्हणते, गोळीत हिराकस असतो, आणि त्याची तर पूर्वी शाई करायचे! मग आम्ही शाई खातो का?"

आजीचं म्हणणं खरं आहे बरं का! पण अर्धंच. उरलेलं अर्धं आपण पाहू.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. लोखंड आणि गंधकाम्ल यांच्यापासून होणारा क्षार. नावात 'हिरा' असला तरी हिऱ्याशी त्याचं काही नातं नाही. त्याचे खडे फिकट हिरवे, काचेसारखे दिसतात आणि पाण्यात सहज विरघळतात. या खड्यांत पाणीही दडलेलं असतं. 100 ग्रॅम खड्यांत साधारण 45 ग्रॅम पाणी आणि 20 ग्रॅम लोह! खडे तापवले की पाणी उडून जातं आणि पांढरट भुकटी उरते. आणखी तापवलं तर विषारी वायू निघतात, म्हणून हा प्रयोग शाळेत, सरांसमोरच पाहायचा. दमट हवेत उघडे ठेवलेले खडे हळूहळू पिवळट-तपकिरी होतात, कारण त्यातलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं.

आता शाईकडे वळू. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो ना? आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह यांची ती करामत. हिरड्यातही टॅनिन भरपूर असतं. म्हणून हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग, काळी शाई होते. युरोपात तर ओक झाडावरच्या मायफळांची नि हिराकसाची शाई शेकडो वर्षं वापरात होती.

मग तोच हिराकस पोटात कसा चालतो? इथे 'प्रत' महत्त्वाची. पोलाद साफ करताना निघणारा हिराकस कारखान्यांत आणि सांडपाणी शुद्ध करायला चालतो. शेतीसाठीची प्रत वेगळी. तुमच्या अंगणातल्या जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली, पण शिरा मात्र हिरव्याच राहिल्या, तर तिला लोह मिळत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी 1 लिटर पाण्यात सुमारे 5 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारतात. औषधाची प्रत मात्र सगळ्यांत कडक! त्यात शिसं, आर्सेनिक यांसारखी अशुद्धी ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे की नाही, हे तपासलं जातं. म्हणून दुकानातला हिराकस कधीही तोंडात घालायचा नाही, आणि गोळी म्हणजे शाईही नव्हे.

गोळी लागतेच कशाला? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं आणि ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं की धाप लागते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींना आणि दर 100 मुलग्यांपैकी 31 जणांना रक्तक्षय आढळला. म्हणूनच आठवड्यातून एक गोळी. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक आम्ल असतं.

शौचाला काळं होतं, ते शरीरानं शोषून न घेतलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उपाशीपोटी गोळी घेतली तर मळमळतं, म्हणून ती जेवणानंतर घ्यावी. गोळीवर लगेच चहा मात्र नको! चहातही टॅनिन असतं. ते लोहाला पकडून ठेवतं, म्हणजे पोटातच शाईचा कारखाना! त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा, आवळा खा. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

आईबाबांसाठी दोन गोष्टी. घरात लोहाच्या गोळ्या असतील तर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. रंगीत गोळ्या चॉकलेटासारख्या दिसतात, आणि लहानग्यानं जास्त गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि मुलाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा टिटवाळ्याच्या मैत्रिणी, येत्या सोमवारी तुझी गोळी तू घे, आणि खिडकीजवळच्या मैत्रिणींना ही आवळ्याची नि शाईची गोष्ट सांग. आणि हो, अर्धं उत्तर देणाऱ्या आजीलाही सांग हं!