बोलबाल्याचे माप

कोणते वेल्डिंग यंत्र चांगले, हा प्रश्न वरवर पाहता कारखानदारांचा आणि कारागिरांचा आहे. वर्गात शिकविणाऱ्याला किंवा कचेरीत बसणाऱ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्या रीतीने शोधले जाते, ती रीत वेल्डिंगच्या दुकानापुरती राहिलेली नाही. ज्या नावाची चर्चा अधिक ते नाव लोकप्रिय, आणि जे लोकप्रिय ते उत्तम, अशी ही दोन पायऱ्यांची चढण आहे. खाजगी शिकवणीचा वर्ग निवडताना, परीक्षेचे मार्गदर्शक विकत घेताना, इतकेच नव्हे तर मत देतानाही माणसे हीच चढण चढतात. दुसऱ्या पायरीविषयी शंका घेणारे पुष्कळ भेटतात. पहिलीच पायरी कच्ची आहे, हे मात्र सहसा कोणी तपासून पाहत नाही.

अमेरिकेतील वेल्डरांचा ‘तांबडे की निळे’ हा जुना वाद या बाबतीत उद्बोधक आहे. जॉन सी. लिंकन यांनी १८९५ मध्ये क्लीव्हलंड येथे स्थापन केलेल्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीची यंत्रे तांबडी. नील्स मिलर यांनी १९२९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन गावी सुरू केलेल्या मिलर कंपनीची निळी. लेप दिलेल्या इलेक्ट्रोडचा शोध लावणारे ऑस्कर केलबर्ग यांनी १९०४ मध्ये स्वीडनमध्ये उभ्या केलेल्या एसाब कंपनीची पिवळी. या रंगांवरून तेथील कारागिरांमध्ये जे पंथ पडले आहेत, ते आपल्याकडील गायकीच्या घराण्यांची आठवण करून देतात. अभिमान इतका कडवा की गाणे ऐकायचेच राहून जावे. बापाने तांबडे यंत्र वापरले म्हणून मुलगा तांबडेच घेतो आणि निळ्याच्या नावाने बोटे मोडतो. अशा वादात ज्या रंगाची बाजू अधिक हिरिरीने मांडली जाते त्याच रंगाची यंत्रे अधिक खपतात, असे समजणे म्हणजे सभेतील टाळ्यांवरून मतपेटीचा अंदाज बांधणे होय.

मुळात यंत्राविषयी बोलतो कोण, हे पाहिले पाहिजे. ज्याने नुकतेच पैसे मोजले आहेत तो बोलतो, कारण आपली निवड शहाणपणाची होती हे त्याला चारचौघांकडून वदवून घ्यायचे असते. ज्याचे यंत्र बंद पडले आहे तो बोलतो, आणि त्याच्या बोलण्याला संतापाची धार असते. सुटीच्या दिवशी घरामागच्या पडवीत हौसेने जोडकाम करणारा बोलतो, कारण त्याच्यापाशी वेळ असतो. विक्रेता तर बोलतोच. तो त्याचा धंदाच आहे. बोलत नाही तो सकाळी आठला डोळ्यांपुढे काळी काच धरून बसणारा आणि दिवस मावळेपर्यंत रॉडमागून रॉड जाळणारा कारागीर. त्याचे यंत्र ठीक चालले असेल तर त्याविषयी सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते. शिवाय जहाजबांधणीच्या गोद्या, रेल्वेचे कारखाने, बॉयलर तयार करणारे मोठे उद्योग हे यंत्रे घाऊक घेतात. त्या खरेदीचा निर्णय कचेरीत निविदा उघडून होतो. वेल्डरला कोणी विचारीत नाही. शंभर यंत्रांच्या अशा एका खरेदीतून चर्चेसाठी एक शब्दही बाहेर पडत नाही आणि एखादा हौशी गृहस्थ मात्र एका यंत्रावर शंभर दिवस बोलत राहतो. या शब्दांची मोजदाद करून खपाचा तक्ता मांडला, तर त्यात त्या गृहस्थाचे वजन संबंध कारखान्याहून अधिक भरेल.

ही चूक नवी नाही, आणि ती अडाण्यांनीच केली असेही नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतलेले होते. वीस लाखांहून अधिक पत्रिका भरून परत आल्या. एवढा प्रचंड कौल हाती आल्यावर शंका कशाची, अशा थाटात साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन यांना सुमारे ५७ टक्के मते मिळतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ६० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि लँडन यांच्या पदरात मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये आली. आधीच्या निवडणुकांत याच साप्ताहिकाचे अंदाज खरे ठरले होते, त्यामुळे फजिती अधिकच बोचली. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले. जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार असे सांगितले होते.

या फजितीचे खापर सामान्यतः मोटार आणि दूरध्वनी बाळगणाऱ्या सुखवस्तू वर्गावर फोडले जाते, आणि मंदीच्या त्या दिवसांत ते बरेचसे खरेही होते. परंतु पुढच्या काळातील अभ्यासकांनी दुसऱ्या कारणाकडे लक्ष वेधले आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांना मतपत्रिका मिळाल्या त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी त्या परत पाठविल्याच नाहीत. रूझवेल्ट यांच्यावर ज्यांचा राग होता त्यांनी तत्परतेने लेखणी उचलली. जे संतुष्ट होते त्यांना टपालापर्यंत जाण्याची निकड वाटली नाही. म्हणजे यादी सर्व मतदारांची असती तरीही उत्तर चुकण्याचा संभव होताच, कारण मोजला गेला तो बोलण्याचा उत्साह. वीस लाख ही संख्या त्या चुकीला झाकू शकली नाही. उलट तिने चुकीला अधिकार दिला.

वेल्डिंग यंत्रांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. प्रत्येक यंत्राच्या पाटीवर ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक आकडा असतो. दोनशे अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ असा की, भोवतालचे तापमान ४० अंश असताना दर दहा मिनिटांत सहा मिनिटे यंत्र त्या प्रवाहावर चालवावे आणि चार मिनिटे थंड होऊ द्यावे. हौशी माणूस एक रॉड लावतो, जोड निरखतो, चहा घेतो. त्याच्या हाती २० टक्क्यांचे यंत्रही वर्षानुवर्षे उत्तम चालते आणि तो त्याची मुक्तकंठाने स्तुती करतो. त्याची स्तुती खोटी नसते. परंतु तेच यंत्र चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, ४५ अंशांत, लोखंडी दरवाजे जोडणाऱ्याच्या हाती दिले, तर घटकाभरात ते तापून बंद पडेल. स्तुती करणारा आणि शिव्या देणारा दोघेही खरे बोलत असतात. दोघांची यंत्रे एकच असली तरी कामे निराळी असतात. गोळाबेरीज करणाऱ्याच्या वहीत हा भेद उतरत नाही. तेथे एक रकाना अनुकूल, एक प्रतिकूल.

तक्रारींची संख्या म्हणजे दोषांची संख्या, असे मानणे तर याहून धोक्याचे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथील गोदीत, शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. युद्धकाळात घाईने बांधलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांनाही अशाच भेगा जात होत्या. रिव्हेट सोडून वेल्डिंगने जहाजे बांधण्याची पद्धत नवी होती. त्यामुळे बोट प्रथम वेल्डिंगकडे आणि वेल्डरांकडे वळले. जोडकामात उणिवा नव्हत्या असे नाही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी केलेल्या संशोधनातून असे दिसले की, मुख्य दोष पोलादात होता. ठराविक तापमानाखाली ते ठिसूळ बनत होते. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेपाशी थांबत असे. वेल्डिंगमुळे सारे जहाज एकसंध झाले आणि भेगेला धावायला सलग रस्ता मिळाला. आजही वेल्डिंगच्या दुकानात यंत्राच्या माथी मारलेल्या किती तक्रारी खरोखर ओलसर रॉडच्या, बारीक केबलच्या, ढिल्या अर्थिंगच्या किंवा पडलेल्या व्होल्टेजच्या असतात, हे कोणताही अनुभवी वायरमन सांगेल.

हे सारे महाराष्ट्रात कोणाला भोवते? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून गावी परतलेल्या मुलाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात त्याला ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्यातून यंत्र, ग्राइंडर, केबल, होल्डर आणि दुकानाची अनामत भागवायची असते. यंत्र निवडताना तो ज्याचा बोलबाला आहे तेच नाव धरतो. दुसरे माप त्याला कोणी दिलेलेच नसते. ऊसगाळपाच्या हंगामाआधी ट्रॉल्यांची दुरुस्ती निघते तेव्हा त्याला दिवसरात्र काम असते. नेमके तेव्हाच यंत्र बंद पडले आणि त्याचे पॅनेल दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्याच्या गावीही नसला, तर आठ दिवसांत गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाते. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. जुना ट्रान्सफॉर्मर अवजड असतो, वीजही अधिक खातो. पण जळाला तर तालुक्याचा रिवाइंडिंगवाला तो तांब्याची तार गुंडाळून पुन्हा उभा करतो. नवे इन्व्हर्टर यंत्र खांद्याला अडकवून नेता येते, कमी विजेवर चालते. पण त्यातला इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर तो त्याच जातीचा मिळवावा लागतो. दोन्हींत निवड करताना आपल्या गावात वीज कशी येते आणि आपल्या पंचक्रोशीत दुरुस्ती कोण करतो, हे दोन प्रश्न कंपनीच्या नावाच्या आधी यायला हवेत. मिलर कंपनीचा आरंभही अशाच प्रश्नातून झाला होता, हे येथे आठवण्याजोगे आहे. ग्रामीण विस्कॉन्सिनमध्ये त्या काळी जशी वीज उपलब्ध होती, तिच्यावर चालेल असे यंत्र नील्स मिलर यांना हवे होते. त्या यंत्राचा नावलौकिक नंतर आला.

लोकप्रियता मोजूच नये, असा याचा अर्थ नव्हे. माप बदलावे, इतकेच. खपाचे आकडे चर्चेपेक्षा बरे. पण तेही विकल्या गेलेल्या खोक्यांची संख्या सांगतात, पाच वर्षांनी चालू असलेल्या यंत्रांची नव्हे. वापरलेल्या यंत्राला जुन्या बाजारात काय भाव येतो, हे अधिक बोलके आहे, कारण तेथे मत देणाऱ्याला खिशात हात घालावा लागतो. सुट्या भागांच्या दुकानदाराने कोणत्या यंत्राचे भाग भरून ठेवले आहेत, यावरूनही पुष्कळ कळते. अर्थात तेथेही सावध राहावे लागते, कारण एखाद्या यंत्राचे भाग फार खपतात ते यंत्र फार वापरात असल्यामुळे की फार बिघडत असल्यामुळे, हे दुकानदारालाच विचारावे लागेल.

राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि वेल्डिंगचा व्यवसाय त्यांतील पुष्कळ ठिकाणी शिकविला जातो. तेथील यंत्रांवर दरवर्षी नवे, अननुभवी हात काम करतात. यंत्राची याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. प्रत्येक संस्थेत डेडस्टॉक रजिस्टर असते. त्यात यंत्र केव्हा घेतले आणि केवढ्याला घेतले हे लिहिलेले असते. ते किती तास चालले, कितीदा बंद पडले, दुरुस्तीला किती दिवस व किती रुपये लागले, याचे चार रकाने त्यात वाढविता येतील. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने ही माहिती एकत्र करून वर्षातून एकदा छापली, तर कर्ज काढून दुकान थाटणाऱ्या मुलाला, निविदा तपासणाऱ्या लिपिकाला आणि खरेदी समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकाला एकच विश्वासार्ह आधार मिळेल. यात सर्व यंत्रांची नोंद होईल. गप्प राहिलेल्या यंत्राचीही.

खर्च कागदाइतकाच आहे. अडचण दुसरी आहे. सरकारी संस्थेत यंत्र बंद पडल्याचे लिहिले की ते कोणी बिघडविले, याची विचारणा सुरू होते. म्हणून बिघडलेले यंत्र भिंतीकडे सरकवून कागदावर ते चालू ठेवण्याकडे निदेशकांचा कल होऊ शकतो. बिघाडाची प्रामाणिक नोंद करणाऱ्याला जाब द्यावा लागणार नाही, असे लेखी आदेश संचालनालयाने रकाने आखण्यापूर्वीच काढले पाहिजेत.