बालकाच्या डोक्याचा घेर

विंचूदंशाने अत्यवस्थ झालेल्या मुलांच्या उशाशी बसून, त्यांचा घाम, गार पडलेले हातपाय व धावती नाडी यांची नोंद ठेवीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्या महाडच्या परिसरात प्राझोसीनचा उपचार रूढ केला, तेथील व पोलादपूरच्या व्यवसायबंधूंस विंचवाहून फार दुर्मीळ अशा एका व्याधीविषयी, म्हणजे लहान बालकांच्या मेंदूतील गाठींविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बहुधा तीन वर्षांखालील मुलांस होणारा ॲटिपिकल टेराटॉइड ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर एखाद्या डॉक्टराच्या उभ्या हयातीत एकदाही समोर न येणे संभवते; आणि आला, तर तो उलट्यांच्या वेषात येतो. सकाळी उठताच ओकणारे, मान एकीकडे कलती धरणारे, बसू लागलेले असून पुन्हा कोलमडणारे मूल दाखविले जाते, आणि ओकारीचे औषध, मग जंताचे, मग दात येत असल्याचा दिलासा, यांत पंधरवडे निघून जातात. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळे आतला दाब डोके मोठे करून वाट काढतो व नेत्रतपासणीत सूज दिसेलच असे नाही. तेव्हा साधी फीत काढावी, भुवयांवरून व मागील उंचवट्यावरून पुरती फिरवावी, आणि घेर तारखेसह लिहावा. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटरांचा हा घेर वर्षाअखेर ४६ च्या आसपास जातो. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा साधारण दोन सेंटिमीटरांनी वाढतो. त्याहून वेगाने वाढत असेल, टाळू फुगलेली असेल वा बुबुळे खाली वळून वर पांढरे दिसत असेल, तर स्कॅनवाचून गत्यंतर नाही. क्षयजन्य मेंदुज्वराच्या संशयाने स्कॅनपूर्वीच कण्यातील पाणी काढण्याचे धाडस मात्र प्राणावर बेतू शकते.

पुढचे काम तज्ज्ञांचे: शस्त्रक्रिया, पेशींत आयएनआय-१ प्रथिन उरले आहे की नाही याची खातरजमा, केमोथेरपी; वाढत्या मेंदूस अपाय होऊ नये म्हणून किरणोपचार या वयात शक्यतो लांबणीवर टाकतात. सारीच मुले वाचतात असे नाही, हे आईबापांपासून लपवू नये. टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था खारघरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीत आहे. अडचण अंतराहून निराळीच असते: वाडीवरून मूल घेऊन येते आई वा आजी, आणि निर्णय घेणारा बाप मुंबईत चाकरमानी. म्हणून त्यास दवाखान्यातूनच दूरध्वनी करावा, जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका सोबत नेण्यास बजावावे, आणि शिफारसपत्रात नुसते ‘उलट्या’ न लिहिता त्या कधीपासून, कोणत्या वेळी, व डोक्याचा घेर तारीखवार किती, हे अवश्य नमूद करावे.