‘मुळांकडे परतणे’ : एका सोयीच्या शब्दप्रयोगाविरुद्ध

लिंडा रॉनस्टाट या अमेरिकन गायिकेचा ‘कान्सिओनेस दे मि पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’, हा अल्बम १९८७ साली आला. त्याच्याविषयी काहीही वाचायला घ्या, ‘ती आपल्या मुळांकडे परतली’ हे वाक्य हमखास भेटते. रॉकमध्ये नाव झाले, आता वाडवडिलांचे ऋण फेडायला निघाली, असा त्यामागचा सूर. वरकरणी ही स्तुती आहे. माझ्या मते हा अपमान आहे. गायिकेचा, आणि जिच्या नावाने तो केला जातो त्या परंपरेचाही.

आधी परंपरेविषयी. ‘मूळ’ म्हटले की काहीतरी जमिनीखालचे, निनावी, न बदलणारे डोळ्यांसमोर येते. या अल्बममध्ये साथ आहे ती मारियाची वाद्यवृंदांची. मारियाची हा खालिस्को आणि आसपासच्या पश्चिम मेक्सिकोतला ग्रामीण तंतुवाद्यमेळ खरा. पण ट्रम्पेटसह जो मारियाची आज जग ओळखते, तो विसाव्या शतकात मेक्सिको सिटीत घडला. १९३० साली सुरू झालेले एक्सईडब्ल्यू रेडिओ केंद्र, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांनी तो घडवला. वादकांच्या अंगावरचा रुपेरी गुंड्यांचा पोशाखही शेतमजुराचा नव्हे, घोड्यावर बसणाऱ्या ‘चारों’चा. ‘मारियाची वार्गास दे तेकालित्लान’ हा वृंद १८९८ मधला. त्यात १९४४ साली रुबेन फुएन्तेस हा अभिजात शिक्षण घेतलेला व्हायोलिनवादक आला आणि आधुनिक मारियाचीची संगीतरचना पुष्कळशी त्याच्या हातून कागदावर उतरली. हाच फुएन्तेस रॉनस्टाटच्या अल्बमचा, पीटर अ‍ॅशरसमवेत, निर्माता आहे. तेव्हा ‘मूळ’ उकरायला जावे तर तिथे स्टुडिओत स्वरलिपी घेऊन बसलेला एक व्यावसायिक कलावंत सापडतो. यात खेद वाटण्यासारखे काय आहे? रॉकला आपण इतिहास, कर्ते आणि प्रयोग बहाल करतो. मेक्सिकन संगीताला मात्र फक्त माती. वाटणीचा हा न्याय जुना आहे, आणि देशीवादावरचे आपल्याकडचे वाद वाचलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

आता गायिकेविषयी. रॉनस्टाटचे आजोबा सोनोराचे, ती स्वतः अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनची. घरात गाणी होती, पण ती गिटारीवर कुटुंबाने मिळून म्हणायची. खालिस्कोचा वाद्यवृंद हे दुसरेच प्रकरण. अल्बमचे नाव घेतले आहे ते तिची आत्या लुइसा एस्पिनेल हिने १९४६ साली छापलेल्या गीतसंग्रहावरून. म्हणजे वारसाही पुस्तकातून आलेला! स्पॅनिश तिला अस्खलित बोलता येत नव्हते. हुआपांगो या प्रकारात आवाज एकाएकी फॉल्सेटोत उडवावा लागतो आणि लय सतत निसटू पाहते. हे रक्तातून येत नाही, शिकावे लागते. १९८३ साली याच गायिकेने नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासह जुनी अमेरिकन गाणी गायली. ते तिचे कष्ट. स्पॅनिश गायली की मात्र तेच कष्ट रक्ताच्या खात्यावर जमा.

‘मुळां’चा जुळा भाऊ म्हणजे ‘क्रॉसओव्हर’. रिची व्हॅलेन्स या इंग्रजीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलाने १९५८ साली ‘ला बाम्बा’ विजेच्या गिटारीवर घेतले. मुळात हे व्हेराक्रूझचे, वीणेसारख्या हार्पवर आणि खाराना या छोट्या गिटारीवर वाजणारे, लाकडी चौथऱ्यावर पाय आपटत नाचायचे गाणे. १९५९ च्या फेब्रुवारीत विमान कोसळून तो गेला, वय वर्षे सतरा. १९८७ साली लॉस लोबोस या पूर्व लॉस एंजेलिसच्या बँडची ‘ला बाम्बा’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ला पिस्तोला इ एल कोरासोन’ हा विजेच्या वाद्यांचा सोस टाळणारा, मेक्सिकन बाजाचा अल्बम काढला आणि पुन्हा तेच वाक्य ऐकू आले : परतले! अहो, कुठून परतले? १९७८ च्या पहिल्या अल्बमात ही मंडळी पारंपरिक मेक्सिकन गाणीच वाजवत होती. रॉक त्यांच्या अल्बमांत नंतर आले, एवढेच.

यावर आक्षेप येईल की नैऋत्य अमेरिकेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शाळेत पोरांना शिक्षा होत असे. अशा समाजाला या अल्बममुळे वाटलेला अभिमान खोटा कसा? तो मुळीच खोटा नाही. वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या त्या काही संगीतशास्त्राच्या कुतूहलापोटी नव्हे. पण अभिमान वाटण्याजोगे तिथे जे आहे ते गाणे आहे, वंशावळ नव्हे. अपमानित भाषा मोठ्या रंगमंचावर नेताना तिने ती सोपी केली नाही, इंग्रजीची फोडणी दिली नाही, हा निर्णय होता. आणि निर्णयाला ‘ओढ’ म्हटले की तो घेणारी व्यक्ती दिसेनाशी होते.

वर्गात शिकवणाऱ्यांनी एकदा तिचा १९८३ चा आणि १९८७ चा अल्बम लागोपाठ ऐकवावा, गायिकेचे घराणे न सांगता. श्वास कुठे घेतला, शब्दाचा शेवटचा स्वर किती धरून ठेवला, हे विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. आजोबांचा गाव विचारायला नंतर सवड आहेच.