सरांची सुट्टी

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तरेला, ह्युरॉन सरोवराच्या काठी ‘सीडर कॅम्पस’ नावाची जागा आहे. १९४१ पासून तिथल्या कॉलेजांत काम करणाऱ्या ‘इंटरव्हर्सिटी’ या ख्रिस्ती संस्थेची. उन्हाळ्यात तिथे ख्रिस्ती प्राध्यापकांची शिबिरं भरत आली आहेत, तीही घरच्यांसकट! बायबलवर चर्चा, प्रार्थना, मग होड्या, पोहणं. पोरांसाठी वेगळा कार्यक्रम.

प्रार्थनेचं राहू द्या, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला भावलं ते वेगळंच. एरवी लॅबमध्ये एक आणि चर्चमध्ये दुसरा असा वागणारा प्राध्यापक तिथे ‘माझा विषय आणि माझी श्रद्धा यांचं जमतं का?’ हे मोकळेपणी विचारू शकतो. डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये हे कोण काढणार? अर्थात सगळे एकाच श्रद्धेचे जमले की खोडून काढणारा कुणी उरत नाही, हे खटकतंच.

पण घरचे सोबत असतात, हे महत्त्वाचं. आपल्याकडे सरांची सुट्टी पेपर तपासण्यात नि ट्रेनिंगमध्ये जाते. आम्हाला मेकॅनिक्स शिकवणाऱ्या सरांची मुलगी दहावीला आहे हे आम्हाला फेअरवेलच्या दिवशी कळलं. तेही शिपाईमामांकडून.