शेजारधर्म

नाताळ जवळ आला म्हणजे आम्हां विद्यार्थ्यांस गरिबांची आठवण होते. वर्गावर्गांतून वर्गणी जमते, कपड्यांचीं व खाऊचीं गाठोडीं बांधलीं जातात, आणि शाळेजवळच्या वस्तींत तीं तासाभरांत वांटून आम्ही परततों. गेल्या वर्षीं एका वृद्ध बाईनें गाठोडें हातीं घेऊन विचारलें, "पोरांनो, आतां पुढल्या नाताळालाच येणार ना?" तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आमच्या मनास अधिक लागलें.

दान वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु देणारा व घेणारा यांच्यामधील अंतर केवळ दानानें कमी होत नाहीं. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. शेजारी कोणास म्हणावें, असें शास्त्र्यानें विचारलें असतां प्रभु येशूनें शेजाऱ्यांची यादी दिली नाहीं. जखमी वाटसरूचा शेजारी कोण झाला, हें त्यासच ठरवावयास लाविलें.

हाच विचार कांहीं ख्रिस्ती सेवकांनीं शहरांतील दरिद्री वस्त्यांत नेला. सॅम्युएल बार्नेट हे धर्मोपदेशक व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनीं 1884 सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत टॉयन्बी हॉल स्थापिला. विद्यापीठांतील तरुणांनीं गरिबांच्या शेजारीं येऊन राहावें, शिकवावें आणि शिकावेंही, हा त्याचा हेतु. आपल्या मुंबईंतही अशाच धर्तीचें कार्य झालें. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 सालीं भारतांत आले, आणि नागपाड्यांतील 'नेबरहुड हाउस' त्यांनीं नांवारूपास आणिलें. त्या संस्थेच्या नांवांतच शेजार आहे! गरिबांची सेवा करण्यास केवळ दया पुरत नाहीं, अभ्यासही लागतो, हें ओळखून 1936 सालीं त्याच वास्तूंत समाजकार्य शिकविणारी शाळा सुरू झाली व मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय.

अशी सेवा म्हणजे धर्मांतराचें आमिष, असा आक्षेप कित्येक घेतात. त्यावर रागावणें सोपें आहे. पण तो खोटा ठरविणें आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे. शोमरोन्यानें जखमा बांधण्यापूर्वीं त्या मनुष्याची जात विचारली नाहीं, कीं त्याजकडून कांहीं कबूल करून घेतलें नाहीं. मोबदला मागणारी सेवा हा व्यापार होय.

मग आम्हीं काय करावें? दर शनिवारीं दोन तास वस्तींत जावें. प्रथम तेथील लोकांस काय हवें तें विचारावें. नळ आणून देण्याचें सामर्थ्य आम्हांपाशीं नाहीं. परंतु नगरपालिकेस अर्ज लिहितांना त्यांच्याजवळ बसतां येईल, त्यांच्या मुलांचा अभ्यास घेतां येईल, आणि त्यांच्या मुलांबरोबर खेळतांही येईल. ही सूचना आम्ही आपल्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढें व गुरुजनांपुढें नम्रपणें ठेवीत आहों. त्या बाईंस उत्तर देण्यासाठीं पुढल्या नाताळाची वाट पाहूं नये.