हजेरीपट कोरा झाला, मुलं कुठं गेली?

काय दोस्तांनो, आज एक कोडं घालू का?

समजा, तुम्हाला एक पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायचा आहे. पडद्यावर ड्राइव्हची यादी दिसतेय. घाईघाईत माउस एक ओळ खाली सरकला आणि फॉरमॅट झाली ती शेजारी जोडलेली हार्ड डिस्क! ताईच्या बारशापासूनचे फोटो, आजोबांच्या आवाजात टिपलेल्या गोष्टी, दादाचा कॉलेजचा प्रोजेक्ट, सगळं त्याच डिस्कवर. पाच-सात सेकंदांत काम फत्ते. डिस्क उघडून पाहिली, तर आत काहीच नाही. आला ना पोटात गोळा?

थांबा. रडायच्या आधी वही-पेन्सिल घ्या आणि एक गणित करा. डिस्क आहे १ टेराबाइटची, म्हणजे १० लाख मेगाबाइटची. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० मेगाबाइट लिहू शकते, असं धरू. मग ती अख्खी पुसायला किती वेळ लागेल? १० लाख भागिले १५०. उत्तर येतं ६,६६६ सेकंद, म्हणजे जवळजवळ १ तास ५१ मिनिटं! आणि आपलं फॉरमॅट तर पाच-सात सेकंदांतच आटोपलं. मग तेवढ्या वेळात पुसलं तरी काय?

आलं ना ध्यानात? फोटो पुसलेच गेले नाहीत. ते अजून डिस्कवरच आहेत, फक्त दिसत नाहीत.

बाकं भरलेली, हजेरीपट कोरा

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये त्या मिनिटाला सहसा ५,४०० किंवा ७,२०० वेळा गरगर फिरतात. तबकडीवर चुंबकाचे डोळ्यांना न दिसणारे ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांच्या रूपात तुमचा फोटो लिहिलेला असतो. तबकडीचे छोटे छोटे कप्पे पाडलेले असतात. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे याची कॉम्प्युटर एक यादी ठेवतो. विंडोज वापरतं त्या एनटीएफएस पद्धतीत या यादीचं नाव आहे 'मास्टर फाइल टेबल'.

नाव अवघड वाटतंय? मग तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. कप्पा म्हणजे बाक, फाइल म्हणजे मुलांचा एक गट आणि यादी म्हणजे बाईंचा हजेरीपट. आता समजा, बाईंनी जुना हजेरीपट बाजूला टाकून कोरा करकरीत हजेरीपट आणला. त्यात एकही नाव नाही. म्हणून काय वर्गातली मुलं गायब झाली? छे! ती आपापल्या बाकांवर दंगा करत बसलेलीच आहेत. फक्त कागदावर वर्ग रिकामा झालाय.

'क्विक फॉरमॅट' म्हणजे हेच, बरं का! कॉम्प्युटर डिस्कवर एक कोरी यादी लिहितो आणि सांगतो, 'झालं काम.'

एखादी फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, तरी हार्ड डिस्कवर साधारण असंच घडतं. जुन्या 'फॅट' पद्धतीत तर यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथं एक खूण ठेवली जायची. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५.० मध्ये 'अनडिलीट' नावाची आज्ञा होती. गेलेली फाइल परत आणताना ती तुम्हालाच विचारायची, नावाचं पहिलं अक्षर काय होतं? तिची बहीण 'अनफॉरमॅट'सुद्धा त्याच डॉसबरोबर आली होती.

खरा धोका पुढे असतो

कोरा हजेरीपट पाहून मुख्याध्यापकांना वाटतं, वर्ग मोकळा आहे. ते नवी मुलं पाठवतात. नवा मुलगा बाकावर बसला की जुन्याला उठावं लागतं, आणि एकदा उठलेला जुना मुलगा परत येत नाही! डिस्कवर नवं काही लिहिलं की त्या कप्प्यातलं जुनं कायमचं गेलं. म्हणून लक्षात ठेवा, फाइल फॉरमॅटनं जात नाही, फॉरमॅटनंतर आपण जे करतो त्यानं जाते.

आणि आपण काय करतो? रागावतील म्हणून गप्प बसतो! काहीच झालं नाही असं दाखवायला त्या डिस्कवर दोन सिनेमे आणि चार गेम टाकून ठेवतो. तिथंच घात होतो.

तर अशी वेळ आलीच, तर हे पाच नियम.

१) हात वर! त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका. ती नीट 'इजेक्ट' करून काढून ठेवा. विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यातल्याच फाइल गेल्या असतील, तर कॉम्प्युटरच बंद करा. कारण तो नुसता चालू असला तरी स्वतःसाठी काहीबाही लिहीत असतो.

२) घरात लगेच सांगा. आज सांगितलं तर फोटो मिळतील, महिन्यानं सांगितलं तर कदाचित नाही.

३) फाइल शोधणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर टाकू नका. हरवलेल्या मुलांना शोधायला आलेला माणूसच त्यांच्या बाकावर बसला तर कसं व्हायचं? ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि प्रोग्राम तिकडे चालवा.

४) शक्य असेल तर आधी सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि शोधाशोध प्रतीवर करा.

५) सापडलेल्या फाइल वेगळ्याच डिस्कवर ठेवा.

आणि हो, डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल, तर हे काहीच करू नका. तो यंत्राचा बिघाड आहे. अशी डिस्क घरी स्क्रू काढून उघडायची नाही. धुळीचा एक कणही तिच्या तबकडीला ओरखडा पाडू शकतो. ते काम धूळ नसलेल्या खास खोलीत बसणाऱ्या तज्ज्ञांचं.

बिल्ल्यावरून ओळख

हजेरीपटच नाही, तर प्रोग्राम फाइल शोधतो कशा? आधी तो जुन्या हजेरीपटाची पानं कुठं शिल्लक आहेत का ते पाहतो. फॉरमॅट ताजं असेल तर ती बरीचशी सापडतात आणि फाइल नावागावासह परत येतात.

पानं नाहीत? मग तो बाकांच्या रांगेतून फिरू लागतो. गंमत अशी, की बऱ्याच फाइलच्या पहिल्या मुलाच्या छातीवर एक बिल्ला असतो! जेपीईजी फोटोची सुरुवात नेहमी 'एफएफ डी८ एफएफ' या बाइटनी होते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. ही तिचा जनक फिल कॅट्झ याच्या नावाची आद्याक्षरं. हल्लीची वर्डची फाइलसुद्धा आतून झिपच असते, म्हणून तिच्याही छातीवर 'पीके'!

ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम असाच बिल्ले पाहत जातो. मायक्रोसॉफ्टनंही २०२० साली 'विंडोज फाइल रिकव्हरी' हा मोफत प्रोग्राम दिला. पण बिल्ल्यावर मुलाचं नाव नसतं. त्यामुळे 'आजीचा वाढदिवस' हा फोटो कसल्याशा आकड्याच्या नावानं परत येतो, आणि हजारो फोटो पुन्हा लावत बसावं लागतं. एखाद्या गटाची मुलं लांबलांबच्या बाकांवर विखुरलेली असतील, तर फोटो अर्धाच उघडतो.

जिथं इलाज चालत नाही

खोटी आशा नको, म्हणून हेही सांगतो. विंडोज व्हिस्टा २००७ साली घरोघरी आलं. तेव्हापासून 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, तर विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. मग शोधायला काही उरत नाही.

लॅपटॉपमध्ये हल्ली एसएसडी असते. तिच्यात तबकड्या नसतात, चिप असतात. २००९ सालच्या विंडोज ७ पासून विंडोज तिला 'ट्रिम' नावाचा निरोप धाडतं: ही बाकं आता लागत नाहीत, मोकळी करा. एसएसडी ती स्वतःहून साफ करून टाकते. तिथं आशा फार कमी. हल्लीच्या फोनमध्ये माहिती कुलूपबंद सांकेतिक भाषेत असते आणि फोन 'रीसेट' केला की किल्लीच नष्ट होते.

तीनशे खोक्यांची गोष्ट

आता एक खरी घडलेली गोष्ट. अमेरिकेत अलास्का नावाचं राज्य आहे. तिथं तेलातून मिळालेल्या पैशांचा एक मोठा निधी आहे आणि त्यातून रहिवाशांना दर वर्षी पैसे वाटतात. जुलै २००६ मध्ये तिथल्या महसूल खात्यातल्या एका तंत्रज्ञानं नेहमीच्या कामात चुकून या अर्जांची माहिती असलेली डिस्क फॉरमॅट केली. आणि पाठोपाठ बॅकअपची डिस्कसुद्धा! तिसरा आधार होता बॅकअपच्या टेपचा. त्या लावून पाहिल्या, तर वाचताच येईनात. तज्ज्ञ बोलावले, तरी माहिती परत आली नाही. सुमारे ८ लाख चित्ररूप कागदपत्रं गेली.

वाचवलं कुणी? कागदानं! मूळ अर्ज सुमारे ३०० खोक्यांत भरून ठेवलेले होते. जवळजवळ ७० माणसांनी जादा वेळ बसून ते सगळे पुन्हा स्कॅन केले. खर्च आला २ लाख डॉलरच्या वर. लोकांचे बहुतेक पैसे मात्र वेळेवर पोचले. आणि त्या तंत्रज्ञावर कुणी खापर फोडलं नाही.

टेपा होत्या, पण त्या चालतात का हे वेळ येईपर्यंत कळलं नव्हतं. बॅकअप नुसता असून भागत नाही, मधूनमधून उघडून पाहावा लागतो.

आईबाबा, ही चार वाक्यं तुमच्यासाठी. मुलानं येऊन 'माझ्याकडून डिस्क फॉरमॅट झाली' असं सांगितलं, तर आधी 'बरं झालं लगेच सांगितलंस' म्हणा. रागवायचंच असेल तर फोटो परत आल्यावर रागवा. ओरडा बसणार हे ठाऊक असलेलं मूल पुढच्या वेळी गप्प राहील. आणि त्या गप्प राहण्यातच आजोबांचा आवाज कायमचा पुसला जाईल.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातल्या ज्या फाइल पुन्हा कधीच तयार करता येणार नाहीत, त्यांची यादी करा. सिनेमे आणि गाणी त्यात नकोत, ती परत मिळतात. मग त्या फाइलच्या मुळासकट तीन प्रती करा: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, मामाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा.

धाडसी दोस्तांसाठी एक प्रयोगही आहे. मोठ्या माणसाला शेजारी बसवा. ज्यातलं काहीच नको आहे असा जुना पेन ड्राइव्ह घ्या आणि बाकीचे सगळे ड्राइव्ह काढून ठेवा. त्यावर पाच फोटो टाका, क्विक फॉरमॅट करा आणि फोटोरेकनं शोधा. किती परत आले आणि त्यांची नावं काय झाली, ते पत्रानं कळवा. फक्त फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी ड्राइव्हचं नाव आणि आकार मोठ्यानं वाचा. दोनदा!

पुढच्या अंकात पाहू, 'पीके'चा बिल्ला लावणारी झिप फाइल एवढ्याशा जागेत मावते कशी.